चार न्यूट्रॉन आणि सव्वा मूठ गहू

अक्कांच्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी मिठाची वेगळी बरणी आली, तेव्हा मला माझ्या आजाराची पहिल्यांदा लाज वाटली. बरणी लोणच्याची, जुनी, धुऊन उन्हात वाळवलेली. तिच्यात उपासाचं सैंधव. घराचं मीठ ओट्यावर आणि माझं खिडकीत. अक्का दोन भाज्या करायच्या, एक सगळ्यांची आणि एका वाटीची माझी, आणि मी जेवताना मान वर करत नव्हतो.

मिठागरात जन्मलेल्या माणसाला मिठाचं पथ्य लागावं, यावर डाळमिलमधली माणसं पुष्कळ हसली. तिथं मला तसंही 'खारा' म्हणतात. मी खाडीकाठचा. आमच्याकडे हंगामात अख्खं घर मीठ ओढायला जातं. सातवीनंतर मीही गेलो आणि शाळा तिथंच राहिली. पुढं एका फिटरबरोबर जळगावला यंत्रं बसवायला आलो. यंत्रं बसली, फिटर परत गेला, चाळण्या सांभाळायला मिलला माणूस हवा होता म्हणून मी थांबलो. थांबलो तो थांबलोच. जळगावला लागूनच असलेल्या पिंप्राळ्यात आबा-अक्कांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायला लागलो, तेव्हा त्यांची मुलगी शाळेत जात होती. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. भाडेकरूला एवढी वर्षं कोणी ठेवत नाही. आणि ठेवलं तरी संध्याकाळी हाक मारून जेवायला बसवत नाही. हे मी विसरत नाही. विसरलो तर खोली जाईल, अशी एक धास्ती माझ्या मनात कायम असते. ती कोणी घातलेली नाही, ती माझीच आहे.

आजार उन्हाळ्यात आला, म्हणून कोणाला कळला नाही. जळगावच्या उन्हाळ्यात घाम येतो, झोप लागत नाही, छाती धडधडते, माणूस चिडका होतो. सगळ्यांचंच तसं होतं. मी दुप्पट जेवत होतो आणि पँट कमरेवरून उतरत होती. अक्का म्हणायच्या, खातोस ते ठेवतोस कुठं रे बाबा? मग चाळणीचा नट आवळताना पाना हातात थरथरायला लागला. मिलमधला जोडीदार म्हणाला, खाऱ्या, पितोबितोस की काय? तेव्हा दवाखान्यात गेलो. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जरुरीपेक्षा जास्त काम करत होती. गोळ्या दिल्या, त्या मानवल्या नाहीत. शेवटी डॉक्टर म्हणाले, धुळ्याला एक केंद्र आहे, तिथं किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल देतात. ती गिळायची. ती ग्रंथीत जाऊन बसते आणि ग्रंथीचा जोर आतूनच उतरवते. त्याआधी दोन आठवडे आयोडीन बंद. आयोडीनचं मीठ खायचं नाही, सैंधव चालेल. आणखीही काही सांगितलं असेल. मी 'किरणोत्सारी' या शब्दापाशीच थांबलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं मीठ म्हणूनच माझ्या कानात गेलं.

मिलमध्ये सांगितलं तर एक म्हणाला, आता तुझ्या खोलीत दिवा नको. दुसरा म्हणाला, ह्याला गोदामात उभा करा, उंदीर पळतील. मी पण हसलो. हसलं की जरा बरं वाटतं, पण हात थरथरायचा राहत नाही.

अक्कांना मी सांगितलं की डॉक्टरांनी मीठ तोडलंय, फक्त सैंधव चालेल. या घरात सैंधव म्हणजे उपास. त्यांच्या मनानं तेवढ्यावरूनच सगळं ठरवून टाकलं. उपास म्हटला की अंगात ताकद राहिली पाहिजे, ताकद म्हणजे दूध. रोज सकाळी माझ्या खोलीच्या पायरीवर पेला येऊ लागला, वर ताटलीचं झाकण. दुपारी डब्यात दही-साबुदाणा, संध्याकाळी पुन्हा दूध. आबांना शंका आली. ते म्हणाले, अगं, त्याला पथ्य आहे, उपास नाही. अक्का म्हणाल्या, आळणी खातो आहे ना, मग तो उपासच झाला, देवालाही तसाच पोचतो. मला दूध फारसं आवडत नाही. पण पायरीवर ठेवलेला पेला परत करायचा धीर मला कधी झाला नाही. मी पीत राहिलो आणि मनातल्या मनात आभार मानत राहिलो.

ठरल्या दिवशी पहाटेच्या गाडीनं धुळ्याला गेलो. पारोळ्याला चहा पण घेतला नाही, न जाणो त्यातही काही असायचं. केंद्रात आधी थोडंसं आयोडीन देऊन ग्रंथी ते किती ओढून घेते हे बघतात. ते बघणाऱ्या बाई चाळीसगावच्या, रोज जाऊन-येऊन करणाऱ्या. पदराची टोकं खोचलेली, डोळ्यांखाली काळं, आवाज मात्र ठणठणीत. त्यांनी यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय खाल्लंत भाऊ इतके दिवस?"

मी मिठाची बरणी सांगितली, सैंधव सांगितलं. त्यांनी विचारलं, दूध? मी म्हणालो, रोज दोन पेले. दही? रोज. त्यांनी कपाळाला हात लावला. गुरांच्या खाद्यातून आयोडीन येतं, सड पुसायच्या औषधातून येतं, दुधात ते पुष्कळ असतं, म्हणाल्या. माझ्या ग्रंथीचं पोट आधीच भरलेलं होतं, तिनं घ्यायला हवं तेवढं घेतलं नव्हतं. डॉक्टरांशी त्यांचं बोलणं झालं आणि कॅप्सूल पुढं गेली. पुन्हा दोन आठवडे पथ्य, या वेळेला दुधासकट.

मी तिथं बाकावर बसलो तो उठलोच नाही. थकवा आला होता. मिलमधून पुन्हा सुट्टी मागायची, पुन्हा ती बरणी, आणि मुख्य म्हणजे अक्कांना सांगायचं की तुमच्या दुधानं हे झालं. बाईंची गाडी सुटायला वेळ असावा. त्या डबा उघडून माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या. मी त्यांना विचारलं की हे आयोडीन वेगळं आहे, किरणोत्सारी आहे, मग दुधातल्या साध्या आयोडीनशी त्याचा संबंध काय. ग्रंथीला दोन्हीतला फरक कळत नाही का?

"नाही ना कळत. तेच तर आहे." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "नाव प्रोटॉनवरून ठरतं, भाऊ. अणूच्या मधोमध गाभा असतो, त्यात त्रेपन्न प्रोटॉन असले की ते आयोडीन. एक कमी झाला की आयोडीन नाही. एक जास्त झाला तरी नाही. आणि जेवढे प्रोटॉन, तेवढे इलेक्ट्रॉन बाहेर फिरतात. जगाशी घेणं-देणं त्यांचं. तुमची ग्रंथी ओळखते ती यांनाच."

"आणि मग तुमच्या कॅप्सुलीतलं?"

"त्यातही त्रेपन्नच. फरक न्यूट्रॉनचा. ते आत प्रोटॉनांच्या शेजारी बसलेले असतात. साध्या आयोडीनमध्ये चौऱ्याहत्तर, आमच्यातल्यात अठ्ठ्याहत्तर. चार जास्त. त्यानं वजन वाढतं, नाव बदलत नाही. समस्थानिक म्हणतात त्याला. शाळेत असेल तुम्हाला."

शाळेत होतं. पण तो धडा मी सोडलेल्या वर्गाच्या पुढच्या कुठल्यातरी वर्गात होता. मी नुसती मान हलवली.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मला दुधाचाही विसर पडला. कॅप्सूल घेतल्यावर काही दिवस मी लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहायचं. एका खोलीत बसायचं नाही, ताट-पेला वेगळा, बाथरूममध्ये पाणी भरपूर ओतायचं. घरात गरोदर कोणी आहे का? मी म्हणालो, आहे. मग त्या घरात राहू नका, त्या म्हणाल्या, दुसरीकडे सोय करा. लांबच्या बसनं जाऊ नका, शेजारी कोण येऊन बसेल सांगता येत नाही.

म्हणजे माझं गावही बंद. दुसरीकडे म्हणजे कुठं, हे मी त्यांना विचारलं नाही. तो प्रश्न त्यांचा नव्हता.

परतीच्या गाडीत मी चाळण्यांचा विचार करत बसलो. मला दुसरं येतं काय? आमच्याकडे डाळ चाळणीवर पडते, भोकाएवढा दाणा खाली जातो, मोठा वर राहतो. दोन दाणे सारख्याच आकाराचे असले, आणि एक आतून जड असला, तर चाळणीला ते कळत नाही. दोन्ही त्याच भोकातून जातात. वजन ओळखायला पुढं वाऱ्याचा पंखा असतो, हलका दाणा तो उडवून टाकतो. ग्रंथीला पंखा नाही. ती नुसती चाळण. एवढं समजलं आणि जरा बरं वाटलं. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्या गळ्यात काही परकं जाणार आहे. ते परकं नव्हतं. तेच आयोडीन, चार न्यूट्रॉन अंगावर जास्त घेऊन आलेलं.

घरी पोचलो. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, अक्का आणि मुलगी वाल निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. दूध, तारीख पुढं गेली ती, आणि मग लांब राहायचं तेही. बोलताना मी मुलीच्या पोटाकडे बघत नव्हतो. मी म्हणालो, मी खोली सोडतो, तुमच्यावर ओझं नको. हे वाक्य गाडीत पाठ केलं होतं.

अक्का पहिल्यांदा दुधावरच अडकल्या. म्हणाल्या, म्हणजे मीच बिघडवलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आत गेल्या. मुलगी म्हणाली, भाऊ, खोली कशाला सोडता, तुम्ही काय कायमचे पेटलेले राहणार आहात का? आबा तिच्यावर ओरडले, पण तेही हसतच होते. त्या रात्री माझं जेवण झालं, ते कसं झालं मला आठवत नाही. पायरीवरचा पेला दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. त्याच्या जागी भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी आली. अक्कांना काहीतरी ठेवल्याशिवाय राहवत नव्हतं.

श्रावण लागला होता. खानदेशात श्रावण म्हणजे कानबाई, घरात बसवायची देवी. आबांचं मूळ घर दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात. तिथं आबांचे थोरले भाऊ राहतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्या घरी कानबाई बसते आणि भाऊबंद जिथं असतील तिथून येतात. तिच्यासाठी रोट करतात. त्याची एक रीत आहे. भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. ते सगळे गहू एकत्र दळायचे आणि त्याच्या पुरणपोळ्या करायच्या. हे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. दरवर्षी हे लोक गावी जायचे आणि मी पिंप्राळ्याचं घर राखायचो. परत येताना माझ्यासाठी शेव, केळी, काहीबाही आणायचे. रोट कधी आणले नाहीत, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

या वर्षी आबांचा गुडघा धरला होता, म्हणून सामान घ्यायला मीही गेलो. गहू घ्यायचा दिवस होता. ओसरीवर घोंगडी अंथरलेली, तीवर पोतं, पोत्यासमोर नाना. नाना म्हणजे वाळक्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, बोलताना समोरच्याकडे न बघणारे. एकेकाचं नाव घ्यायचे, पोत्यातून मूठ भरायचे, सुपात सोडायचे, मग वर पाव मूठ. चूक होऊ नये म्हणून सगळे गप्प. मी खांबाला टेकून उभा होतो. आबांच्या घरातली नावं झाली. नाना पुढच्या घराकडे वळणार, तेवढ्यात अक्का पदर सावरत अहिराणीत म्हणाल्या, "नाना, आजून एक मूठ शे."

"कोनी?"

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. माझ्या गळ्याचं त्यांनी नानांना आधी सांगितलं असावं, कारण नानांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्या गळ्याकडे पाहिलं. मग पोत्यावर हात ठेवून तसेच राहिले.

"तो आपला भाऊबंद शे का?"

"घरमा ऱ्हास ना."

"घरमा तं मांजर बी ऱ्हास."

ओसरीवर हसू पसरलं. मी पण हसलो, हसणं भाग होतं. अक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माझ्या हातानं त्याचं औषध लांबलं, देवीला त्याच्या नावानं मूठ घालते आहे, त्यात कोणाचं काय जातं? भाऊबंदात कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आत्ता उठावं आणि स्टेशनवर जाऊन बसावं. एका मुठीवरून त्या घरात बोलणं व्हावं, आणि ते माझ्यामुळं, हे मला सहन होईना.

नानांनी मला हातानं जवळ बोलावलं. माझ्याशी ते साध्या मराठीत बोलले, पाहुण्याशी बोलतात तसे.

"वाईट वाटून घेऊ नको. मूठ मायेची नसते, बाबा. मूठ म्हणजे मोजणी. एकदा घेतली की दरसाल घ्यावी लागते, चुकली तर घराला लागतं. उद्या तू तुझ्या देशाला गेलास, तर तुझी मूठ कोणी घ्यायची? आणि घेतली, तर हे घर कोणाचं म्हणायचं?"

मी म्हणालो, नाना, बरोबर आहे. खरंच बरोबर होतं. मी अक्कांकडे बघून हात जोडले. त्यांनी तोंड फिरवलं. नाना पुढच्या घरातलं नाव घेऊ लागले.

मुलगी मागच्या दारी बसली होती, तिला ओसरीवर येऊ दिलं नव्हतं. मी पाणी प्यायला गेलो तर म्हणाली, "माझी पण मूठ नाही बरं का. जन्मले ह्याच घरात. बाईची मूठ नसतेच, आणि लग्न झालं तशी माझी पोळीही दुसऱ्या पिठात गेली. तुम्ही काय तोंड पाडता?" तिला हसू येत होतं. मलाही आलं, या वेळी खरं. कानबाई रविवारी बसली, सोमवारी वाजतगाजत नदीला गेली. सगळ्यांनी रोट खाल्ले. मी माझ्या सैंधवाच्या बरणीतलं मीठ घालून भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. ते अक्कांनीच केलेलं, वेगळ्या चुलीवर.

निघायच्या वेळी कॅप्सुलीची गोष्ट पुन्हा निघाली. बुधवारी धुळं. त्यानंतर कुठं? मी म्हटलं, मिलच्या गोदामात एक खोली आहे, मालक हो म्हणेल. मालकाला मी विचारलंही नव्हतं. आबा म्हणाले, बघू. आबा-अक्का मुलीला घेऊन पिंप्राळ्याला गेले, मी धुळ्याला एका ओळखीच्या हमालाकडे थांबलो. बुधवारपर्यंत मी रोज फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. मालक नाही म्हणाला तर काय, याचा विचार करायला मला तेव्हा बळ नव्हतं.

या वेळेला ग्रंथीनं आयोडीन नीट ओढून घेतलं. बाईंनी शिशाच्या जाड डबीतून कॅप्सूल काढली. लहानशी, साध्या तापाच्या गोळीसारखी. मी पाण्याबरोबर गिळली. काही झालं नाही. बाई दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि मला कळलं की आता लांब राहणं सुरू झालं. मी तिथूनच विचारलं. मोठ्यानं विचारावं लागलं, म्हणून जरा लाज वाटली. ते चार न्यूट्रॉन जास्त असतात, तर असतात कशाला? न्यूट्रॉनचं काम काय?

"काम म्हणजे, प्रोटॉन एकमेकांना ढकलतात," बाई म्हणाल्या. "भाऊबंद एका खोलीत कोंडल्यासारखे. मध्ये न्यूट्रॉन असले तर गाभा टिकतो. त्यांच्याशिवाय मोठा अणू उभाच राहत नाही. पण प्रमाण हवं. जास्त झाले की गाभा अस्वस्थ होतो."

"मग?"

"मग त्यातला एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन होऊन बसतो. तेव्हाच किरणांचा मारा बाहेर पडतो, तुमच्या ग्रंथीचा जोर मोडतो तो. आणि प्रोटॉन त्रेपन्नचे चोपन्न झाले की ते आयोडीन राहत नाही. झेनॉन होतं. दुसरंच काहीतरी, कशाशी घेणं-देणं नसलेलं."

मला नानांचा पोत्यावरचा हात आठवला. एक मूठ वाढली तर घर कोणाचं म्हणायचं. बाई पुढं सांगत होत्या की दर आठ दिवसांनी त्यातलं निम्मं असं होऊन जातं, मग उरलेल्याचं निम्मं, आणि लघवीतूनही बरंच जातं, म्हणून पाणी भरपूर प्या. त्यांनी लांबूनच हात हलवला. म्हणाल्या, सोय झाली ना राहायची? मी म्हणालो, झाली.

बाहेर आलो आणि फाटकापाशी उन्हात उभा राहिलो. फोन काढला, मालकाचा नंबर लावावा म्हणून. रस्त्याच्या पलीकडे एक पिकअप उभी होती, मागं खताची दोन-तीन पोती. पुढं स्टिअरिंगवर नाना. ते खाली उतरले नाहीत. काच खाली करून, माझ्याकडे न बघता, मागं बोट केलं.

"मांगे बठ. पुढे नको, डॉक्टर सांगे ना."

आबांनी फोन केला होता, हे मला नंतर कळलं. मी मागं पोत्यांवर बसलो, एकटाच. धुळ्यापासून त्या गावापर्यंत ऊन, धूळ आणि खताचा वास. वाटेत दोन जण हात करून थांबवायला आले, नानांनी गाडी थांबवली नाही. मला फार थकवा होता, पण पोत्यांवर बसल्या बसल्या झोप लागली. इतके महिने लागत नव्हती ती.

गोठ्याच्या पलीकडची खोली त्यांनी झाडून ठेवली होती. खाट, घागर, एक ताट, एक पेला. मागं मोरी. घरातलं कोणी येत नव्हतं. नानाच सकाळ-संध्याकाळ ताट घेऊन यायचे, पायरीच्या दगडावर ठेवायचे आणि गोठ्याच्या कडेला, बैलांपलीकडे, बाजेवर बसायचे. मी जेवायचो, ते तिथूनच बोलायचे. पाऊस, कपाशीवरची कीड, माझ्या गावचं मीठ. मिठाचं त्यांना फार आश्चर्य. पाणी नुसतं उन्हात ठेवून मीठ कसं येतं, हे त्यांनी मला तीन वेळा सांगायला लावलं. ऐकून झालं की म्हणायचे, म्हणजे तुमचं शेत पाण्याचं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ताटात भाकरी नव्हती. दोन जाड पुरणपोळ्या होत्या, कडेनं जरा कडक झालेल्या, आणि शेजारी दुधाचा पेला. दूध आता चालत होतं. पोळ्या बघूनच कळलं की हे रोट आहेत. घरातले शेवटचे असणार, उद्याच्या आत संपवायचे. मी ताटाला हात लावला नाही. दगडापाशी उभा राहिलो.

"नाना, हे भाऊबंदांचे आहेत."

नाना बाजेवर बसून बैलाच्या कानामागं खाजवत होते.

"तुन्ही मूठ नही लिधी," ते म्हणाले. "ह्या मन्हा वाटाना शेत. मन्हा वाटानं मी कोनले बी दिसू."

त्यांच्या वाट्याचं ते कोणालाही देणार होते. मी खाली बसलो. पोळी मोडली. पुरण गार होतं, गुळाचं, आणि पिठात मीठ नव्हतं. अक्कांनीच मळलेलं असणार ते पीठ, रविवारी, माझं पथ्य धरून, सगळ्या भाऊबंदांसाठी आळणी. मला तेव्हा ते कळलं. एक पोळी खाल्ली, मग दुसरी. दूध प्यायलो. नानांनी विचारलं, ते औषध आठ दिवसांत निम्मं होतं म्हणतात, मग पूर्ण कधी जातं? मी म्हणालो, पूर्ण असं जातच नाही म्हणे. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. मोजता येणार नाही इतकं कमी होतं, एवढंच.

नानांनी बैलाच्या कानामागचा हात काढला.

"मंग तुले आठेच ऱ्हावनं पडी," ते म्हणाले. आठे म्हणजे इथं. मग उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

ताट दुसऱ्या कोणी उचलायचं नव्हतं. मी ते मोरीत नेलं, भरपूर पाणी घालून घासलं, पेलाही घासला. हात तसे अजून थरथरतच होते. दोन्ही दगडावर पालथी घातली, नानांना संध्याकाळी लागतील म्हणून.